निर्णायक मत

माझ्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात एकही गोष्ट सरळ होऊ दिली नाही आणि तरीही त्यांच्यामुळे कोणाचं वाकडं झालं नाही. सगळ्या बिल्डिंगचे ते काका. कशेळीकडच्या एका गावात तरुणपणी पाच वर्षं ग्रामपंचायतीचे सदस्य होते, तेवढ्या भांडवलावर त्यांनी उरलेला जन्म काढला. तिथे एकदा त्यांनी रागाने सभात्याग केला. हे चपला शोधताहेत तोवर आत ठराव मंजूर झालासुद्धा! तेव्हापासून ते कुठल्याही बैठकीतून सर्वांत शेवटी उठत. "बाहेर पडणाऱ्याचं मत चपलांपाशीच राहतं," असं आम्हाला बजावत.

दोन हजार सालानंतर दिल्लीच्या संसदेचं कामकाज टीव्हीवर थेट दिसू लागलं आणि मावशीच्या घराचं सभागृह झालं. आमटीत मीठ कमी पडलं की काका 'लक्षवेधी सूचना' मांडत. मावशी शांतपणे विचारी, "ताट उचलू का?" की सूचना मागे घेतली जाई. मी खालच्या मजल्यावर राहायचो. वर चहाला गेलो आणि मध्येच बोललो तर काका हात वर करून म्हणत, "हरकतीचा मुद्दा! माननीय सदस्यांचा कप अजून भरलेला आहे." पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच होता. मतं समसमान पडली तर अध्यक्षाने निर्णायक मत द्यायचं, आणि जुनी प्रथा अशी की ते मत, आहे ते तसंच ठेवण्याच्या बाजूने द्यायचं. "अध्यक्षाने जग बदलायचं नसतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

आता भिवंडीत आवाजी मतदान ही मोठी पंचाईत. आमच्या बिल्डिंगच्या मागे कापड विणणाऱ्या लूमची खटखट अशी, की 'होय' कोण म्हणालं आणि 'नाही' कोण, हे देवालाही कळू नये. म्हणून सोसायटीची सभा लोडशेडिंगच्या वेळेत घ्यायची वहिवाट पडली होती. दुपारी दोनला वीज जायची, लूम बंद पडायचे. पाचला परत यायची. एकदा चारच्या सभेत प्रस्ताव आला, की जिन्याच्या मधल्या वळणावरचं बाकडं काढून तिथे कापडाचे तागे ठेवावेत. काका उभे राहिले. बाकड्याच्या लाकडापासून सुरुवात करून ते बिल्डिंगच्या पायाभरणीपर्यंत गेले, तिथून सार्वजनिक जागेच्या व्याख्येवर आले. अध्यक्ष इक्बालभाई, स्वतः लूमवाले, कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, तुमचा मुद्दा रेकॉर्डपे ले लिया, अब चाय पिओ ना!" काकांनी चहा घेतला, आणि चहासुद्धा मुद्देसूद घेतला. पाचाच्या ठोक्याला वीज आली, लूम खडखडले, मतदान कोणालाच ऐकू येईना आणि सभा तहकूब झाली. तो प्रस्ताव पुन्हा कोणी काढला नाही. आम्ही पोट धरून हसलो. मावशी जिना चढताना त्याच बाकड्यावर बसून दम खाते, हे पुढे बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं. तासभराच्या भाषणात काकांनी तिचं नावही घेतलं नव्हतं.

मावशीला दमा होता. लूमवरून कापसाची बारीक धूळ उंबऱ्यापर्यंत उडत यायची. डॉक्टर म्हणत होते, हवा बदला. मावशीची लेक शुभा नाशिकला; दर दिवाळीला ती म्हणायची, "बाबा, दोघं माझ्याकडे चला." आणि दर दिवाळीला काका प्रस्ताव लांबणीवर टाकायचे. एकदा पुरेशी नोटीस नव्हती, एकदा गणपूर्ती नव्हती. एका वर्षी तर विषय समितीकडे सोपवला. समितीत मी एकटा, आणि अहवालाची मुदत काकाच वाढवून देत. सरळ सांगायचं तर त्यांचा जीव भिवंडीत अडकला होता. इक्बालभाईंशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

मग एका पावसाळ्यात मावशीला बाकड्यापर्यंतही चढवेना. खालच्याच पायरीवर बसायची. शुभा तातडीने आली. काकांनी रीतसर सभा बोलावली, अध्यक्ष स्वतः. घड्याळात पावणेपाच झाले होते, बाहेर भिवंडी गप्प होती. लूम सुरू होईपर्यंत काकांना फक्त पंधरा मिनिटं बोलत राहायचं होतं, आणि पंधरा मिनिटं म्हणजे त्यांना नुसता घसा साफ करायला लागत. आम्ही वाट पाहत बसलो. ते बोललेच नाहीत.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय," शुभा म्हणाली.

"प्रतिकूल?"

"माजा न्हाय," मावशी धापा टाकत म्हणाली. "तिथं यांचं कोण आयकून घेल?"

मी मान खाली घालून तटस्थ राहिलो. वरच्या मजल्यावर हे दोघं नसतील, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. माझा स्वार्थ होता, तो आज कबूल करतो.

एकास एक. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आम्हाला त्यांचा नियम पाठ होता.

"जुनी प्रथा हाय," ते म्हणाले. सभेत त्यांच्या तोंडी गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. "पन हिला दम लागतो, ता मना बघवत न्हाय. अध्यक्षाचा होय."

पाचाला लूम सुरू झाले तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत होती आणि काका वहीत ठराव लिहीत होते.

आता नाशिकला मावशीला बरं आहे. रोज अंगणात फिरते, न थांबता. संध्याकाळी कधीकधी काकांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी नाही, पाऊसपाण्याची नाही.

"कामकाज चालू हाय का?"

"चालू आहे, काका," असं म्हणून मी फोन मागच्या खिडकीबाहेर धरतो. ते लूमची खटखट ऐकत राहतात. मग मावशीचा आवाज येतो, "ठेव रे आता. जेवायला बसले ते."