खालच्या फळीवरचे उंदीर

दाभोशाची रंजना भोये नेमकं काय काम करते, हे गावात कुणालाच नीटसं ठाऊक नव्हतं. जव्हारच्या संशोधन केंद्रात आपण उंदरांच्या पोटातली बेटं काढतो, असं तिनं एकदा आईला सांगितलं होतं. आईनं ‘पगार देतात ना?’ एवढंच विचारलं आणि विषय मिटला.

बेटं म्हणजे स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे पुंजके. इन्सुलिन तेच बनवतात. लहानपणी पोटाला कमी पडलेल्या सडपातळ माणसालाही पुढे मधुमेह का होतो, हा केंद्राचा प्रश्न. त्यासाठी मुंबईहून चांगले धडधाकट उंदीर आणले आणि प्रथिनं कमी असलेला चारा देऊन त्यांना कुपोषित केलं. या भागात कुपोषण खर्च करून तयार करावं लागलं, यात गंमत होती. पण अनुदानाच्या अर्जात तिला रकाना नव्हता.

रंजनाचं काम असं: मारलेल्या उंदराच्या पित्तनळीत बारीक सुईनं एन्झाइम सोडायचं, स्वादुपिंड फुगलं की काढून नळीत टाकायचं आणि नळी कोमट पाण्यात धरायची. एन्झाइम भोवतालचं मांस विरघळवतं, बेटं सुटी होतात. वेळ कमी पडला तर ती मांसात अडकून राहतात. जास्त झाला तर तीही विरघळतात आणि नळीत शेंबडासारखी चिकट पेज उरते.

धडधाकट उंदरांना तेरा मिनिटं लागत. कुपोषितांचं स्वादुपिंड पातळ, म्हणून तिनं वेळ नऊवर आणली. बेटं सुरेख निघाली, गोल, कडा शाबूत. पुढच्या उंदराला तीच नऊ मिनिटं दिली, तर सगळं कच्चं. अकरा करून पाहिली, तर तिसऱ्याची पेज. तिनं एन्झाइमची बाटली बदलली, तापमापक बदलला, शेवटी विजेवर संशय घेतला. जव्हारात विजेवर घेतलेला संशय सहसा वाया जात नाही. या वेळी गेला.

मुंबईहून प्रकल्पप्रमुख सुषमा मॅडमचा फोन आला. “रंजना, महिनाअखेर पद्धत बसली नाही, तर हे काम मी इथल्या लॅबला देणार. मग तुझं कंत्राट कशाच्या नावावर वाढवू, तूच सांग.”

“हो मॅडम.”

“हात तर थरथरत नाही ना तुझा?”

हात थरथरत नव्हता. दमला होता फक्त.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या फळीवरचा उंदीर घ्यायला गेली, तर भुशात वाळक्या कोळंबीचं, लाल मिशांचं एक मुंडकं दिसलं. मागे त्या फळीचे पिंजरे सांभाळणारी सकू फरशी पुसत होती.

“सकूमावशी, हे काय?”

“सुकट.”

“ते दिसतंय मला. इथं कशी आली?”

“त्यांची तोंडा बघ ना बाय! मी डबा खाते नि ती जाळीला लटकून बघतात. उपाशी जिवासमोर एकटीनं खावा कसा?”

“अगं, त्यांना मुद्दाम कमी द्यायचं असतं. सांगितलं होतं की तुला!”

“सांगला होता. मना वाटला, सरकारी काम हाय, वरून धान्यच आला नसंल. मुद्दाम कोण उपाशी ठेवल?”

सकू वावर गावची. कुपोषणानं गावातली पोरं दगावली, त्या वर्षी तिचं धाकटंही गेलं होतं. कुठल्या वर्षी, हे वावरात कुणाला सांगावं लागत नाही. रंजना स्टुलावर बसली.

“आणि वरच्या फळीला?”

“ती लक्ष्याची. तो देवाला नारळ फोडतो तं आधी पाणी पिऊन घेतो. तो काय देल?”

म्हणजे लक्ष्याची फळी खरोखर कुपोषित, सकूची फळी सुकटीवर पोसलेली. आणि दोन्ही फळ्यांचे उंदीर रंजनाच्या एकाच रकान्यात. नऊ मिनिटं बरोबरच होती. खालची सगळी फळी तेवढी फुकट गेली होती.

पिंजऱ्यांची अदलाबदल झाली, असं सांगून भागलं असतं. पण मग सकू पिंजऱ्यांवरच राहिली असती आणि सुकटही चालू राहिली असती. तिनं फोन लावून होतं ते सांगितलं.

“काढून टाक त्या बाईला,” मॅडम म्हणाल्या.

“पिंजऱ्यांवरून काढते, मॅडम. बाटल्या धुवायला लावते.”

“मग खालची फळी कोण बघणार?”

पलीकडे मॅडम वाट पाहत राहिल्या. वाट पाहण्यात त्या वाकबगार होत्या.

“मी बघते.”

“बरं. कंत्राट वाढवते. पगार मात्र आहे तोच, हं.”

सोमवारी नव्या उंदरांना रंजनानं तोलून चारा घातला. संपल्यावर ते जाळीला लटकले. ती त्यांच्याकडे पाठ करून भुसा भरत राहिली आणि मग डबा घेऊन बाहेर पायरीवर आली. सकू तिथं ओल्या हातानं भाकरी मोडत बसली होती. तिनं सुकटीचा डबा पुढे सरकवला.

“खाल्ला काय त्यांनी?”

“खाल्लं,” रंजना म्हणाली.

“पोटभर?”

रंजनानं सुकट घेतली आणि चावत राहिली. बराच वेळ.