वासापुढचा आकडा

आमच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे सायनसच्या जुन्या रुग्णांना आत जाण्यापूर्वी एक छापील कागद भरावा लागतो. नाक चोंदणं, डोकं जड होणं, झोपमोड, वास न येणं. प्रत्येक त्रासापुढे शून्य ते पाच यांतला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे त्रास नाही, पाच म्हणजे सगळ्यात जास्त.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई घरी मसाले करून विकतात, हे सुनेशी चाललेल्या त्यांच्या बोलण्यावरून कळलं. नाक चोंदण्यापुढे त्यांनी चटकन चार लिहिलं. वासापुढे पेन थांबलं. मग शून्य.

"आई, शून्य? मग धणे भाजून झाले का, हे रोज मला का विचारता?"

"तुला शिकवायला."

"दोन वर्षं?"

दुखण्याला आकडा देता येतो, कारण ते जाणवतं. जे हळूहळू नाहीसं झालं, त्याचं माप माणूस कशावरून घेत असेल? बहुधा घरातल्या दुसऱ्या माणसावरून.

बाईंनी शून्य खोडून पाच लिहिलं आणि कागद सुनेच्या हातात दिला.

"म्हणजे भाजणं आता तुझ्याकडे. धणे काळे करू नकोस."