मास्तरांच्या सात पत्र्यांवरची रेघ

चित्रकारांच्या मंडळात माझ्या आत्याला सगळे शाईबाई म्हणायचे. तिच्या नखांच्या कडा कायम काळ्या. घरी पाहुणे आले की ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची, आणि माझी आई हळूच म्हणायची, "वन्सं, कैद्यासारख्या काय उभ्या राहता? शाईच आहे, रक्त नाही."

आत्या छापचित्रं करायची. बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यामागे मंडळाची एक लांबट खोली होती, तिथे हाताने फिरवायचा मोठा प्रेस होता. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं, पत्रा आम्लाच्या परातीत सोडायचा. मेण निघालेल्या जागी आम्ल धातू खातं आणि रेघ खोल होते. मग तिच्यात शाई भरायची, वरची तळहाताने पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळाखालून पत्रा काढायचा. एवढं सगळं करून एक छाप. बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या खोलीत तिच्यासोबत बावीस वर्षं काम केलं ते मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, शाळा सुटली की तडक इकडे. दोघं एकमेकांना अहोजाहो करायची आणि भांडायची मात्र सख्ख्या भावंडांसारखी. आम्लात पत्रा पडला की त्यावर बुडबुडे धरतात, ते पिसाने सारत बसायचं काम मास्तरांचं. पिवळट वाफ वर यायची आणि ते परातीवर वाकून असायचे. खिडकी एकच, तीही आत्या बऱ्याचदा लावून घ्यायची, कारण रस्त्यावरची धूळ ओल्या लेपावर बसायची.

"बाई, जरा फट तरी ठेवा. मी काही लोणचं नाही मुरायला," मास्तर म्हणायचे.

"एवढा पत्रा होऊ द्या, मग उघडते."

एका वर्षी मंडळाच्या सभेत मास्तरांनी वाफ बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा मागितला. त्याच सभेत प्रदर्शनाच्या दालनात नवे दिवे लावायचाही विषय होता. दोन्हींना पुरेल एवढं मंडळाकडे नव्हतं. हात वर करून मतं घेतली. दिवे आले, पंखा पुढच्या वर्षावर गेला आणि पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षातच राहिला नाही. मास्तरांनीही पुन्हा विषय काढला नाही. त्यांचा स्वभावच तसा, दुसऱ्यांदा मागायची त्यांना लाज वाटायची.

खोकला सुरू झाला तेव्हा त्यांनी तो वर्षभर खडूच्या धुळीवर ढकलला. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "धूर ओढता का?"

"ओढत नाही. धुरात काम करतो."

फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. नेमकं कशाने, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकले नाहीत. पण आम्लाचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, असं वहिनी सांगायच्या.

आत्या दर रविवारी त्यांना भेटायला जायची. उशांना टेकून बसलेले मास्तर एकदा म्हणाले, "माझे सात पत्रे आहेत कपाटात. प्रत्येकाचे पंधरा छाप काढून झालेत. आता त्यांच्यावर रेघ मारून टाका."

ही छापचित्रवाल्यांची जुनी रीत. ठरलेले छाप काढून झाले की पत्र्यावर आडवी खोल रेघ ओढायची, म्हणजे त्यातून पुन्हा कोणी छाप काढला तरी तो रद्द झालेला कळतो.

"घाई काय आहे?" आत्या म्हणाली.

"घाई मला आहे, बाई. शब्द द्या."

तिने दिला. नऊ दिवसांनी मास्तर गेले.

महिनाभरात मंडळाने त्यांच्या आठवणीचं प्रदर्शन ठरवलं. अध्यक्ष म्हणाले, "पत्रे आहेतच. नवे छाप काढू, सगळ्या शाळांना देऊ. माणूस गेला तरी काम पोचेल." वहिनींना ते पटलं. त्यांनी आत्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हीच काढा. त्यांची शाई तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

आत्याने दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती खोलीवर गेली. सातही पत्रे टेबलावर मांडले आणि पोलादी कोरणीने प्रत्येकावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. प्रत्येकाचा एक छाप काढला, रेघेसकट. ते वाळल्यावर पत्रे आणि छाप एका जाड फाइलीत घालून वहिनींकडे गेली. गाडी मी चालवत होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

वहिनींनी एकेक कागद उलटून पाहिला. तिसऱ्यावर त्यांचं माहेरचं अंगण होतं, विहिरीच्या कठड्यावर बसलेली एक मुलगी. रेघ तिच्या गळ्यावरून गेली होती.

"मला विचारायचं तरी, ताई."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"मग?"

"मग मी मारली नसती. आणि त्यांना शब्द दिला होता."

"शब्द त्यांना दिलात. राहायचं मला आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. "सात होते. एक ठेवता आला नसता?"

वहिनींनी फाइल बंद केली आणि दार उघडून उभ्या राहिल्या. त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मंडळाने खास सभा बोलावली. विश्वासघात, मनमानी, कलेचं नुकसान, असे जडजड शब्द झाले. आत्या सगळं ऐकून घेत होती. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"पंख्याच्या वेळी मी दिव्यांच्या बाजूने हात वर केला होता," आत्या म्हणाली. "त्या साली माझं प्रदर्शन होतं. मला माझी चित्रं उजेडात हवी होती. मास्तर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझा हात पाहिला."

त्या दिवशी हात वर केलेले आणखी बरेच जण समोर बसले होते.

अध्यक्ष खाकरले. "विषयाला धरून बोला."

सचिवांनी मान वर करून विचारलं, "हे लिहून घ्यायचं का?"

"घ्या," आत्या म्हणाली.

त्यांनी लिहिलं की नाही, माहीत नाही. आत्याने सभासदत्व गेल्याचं ऐकलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, "चल."

मग ती घरीच लिनोलियमचे तुकडे कोरायची आणि कागदावर चमच्याची पाठ घासून छाप काढायची. फिके यायचे. ती ते कोणाला दाखवायची नाही. पायऱ्या चढताना तिला आता मध्येच थांबावं लागायचं, पण तपासणीचं नाव काढलं की, "बघू" एवढंच म्हणायची.

तिकडे ती खोली ओस पडली. मंडळात आम्लाचं काम येणारं दुसरं कोणी नव्हतंच. वर्ष सरायच्या आत जागा चित्रांच्या चौकटी ठेवायला घ्यायचं ठरलं आणि प्रेस भंगारवाल्याला दिला. आत्याला कोणीतरी फोन करून सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा चार माणसं पहारी लावून वरचा रूळ उचकटत होती. आत्या समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. थोडा वेळ तिने पाहिलं, मग रस्ता ओलांडून आत गेली.

"असं नका करू. रूळ पायावर पडेल कोणाच्या तरी. आधी डावीकडचे दोन बोल्ट सोडा, मग खाली लाकूड लावा."

त्यांनी ऐकलं. तासाभरात प्रेस पाच तुकडे होऊन टेम्पोत चढला. मुकादमाने घाम पुसत विचारलं, "बाई, तुमचं होतं का हे?"

"नाही," आत्या म्हणाली. "मंडळाचं."

गाडीत बसल्यावर तिला खोकल्याची उबळ आली. मी पाण्याची बाटली उघडून दिली. उबळ ओसरली तेव्हा ती म्हणाली, "उद्या त्या डॉक्टरांचा नंबर लाव. मास्तरांच्या." मग सीटला डोकं टेकून तिने डोळे मिटले, आणि घर येईपर्यंत उघडले नाहीत.