लघवीच्या ओपीडीतल्या साहेब

आमच्या ओपीडीत पेशंट आत यायचा, डॉक्टरच्या खुर्चीकडे बघायचा आणि "चुकलं वाटते" म्हणत उलटपावली बाहेर जायचा. दिवसातून चार-पाच तरी. बाकांवर सगळे धोतर-पायजम्यातले म्हातारे आणि लघवीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून खुर्चीत बाई! या विषयाची दुसरी बाई सर्जन तेव्हा नागपुरात आम्ही तरी पाहिली नव्हती. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. मी तिथला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स; पळालेला पेशंट धरून आणणं हे माझं काम.

हा विषय घेतला तेव्हा त्यांच्या सरांनी विचारलं होतं म्हणे, "तुझ्याकडे येणार कोण?" साहेब म्हणाल्या होत्या, "ज्याची तुंबेल तो."

पारशिवनीकडचे एक पाटील हे दुखणं आपलं नसून शेजाऱ्याचं आहे, असं अर्धा तास सांगत बसले होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "औषध शेजाऱ्याले देऊ. टेबलावर मात्र तुम्हालेच झोपा लागन." शिकाऊ डॉक्टर फिसकन हसला, तर पाटील गेल्यावर साहेबांनी त्याची अशी हजामत केली की तो आठवडाभर हसला नाही.

माझी छाती मात्र एवढी नव्हती. उमरेडला घरी मी "साहेबांनी बोलावलं" एवढंच बोलायचो. साहेब बाई आहेत, हे मुद्दाम लपवलं होतं. आमचे बाबा कोष्टी, हातमागावर जन्म काढलेले आणि महाकडक. त्यांना हे सांगायचं कोणी? आणि एका दुपारी त्यांचीच लघवी अडली. पोट नगाऱ्यासारखं झालेलं. आमच्याच ओपीडीत आणून टेबलावर झोपवलं, पडदा सरकला आणि साहेब आत आल्या. बाबा ताडकन उठले.

"हे त बाई हाय बे! तू मले कुठी आणलं?"

आणि कळा दाबत चक्क बाहेर जाऊन बसले. उशीर झाला तर किडन्यांवर येणार, हे मला कळत होतं. बाबांचा हातमाग साहेबांना माझ्याकडून माहीत होता. त्या बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"बाबा, मागावर नवा ताणा चढवताना धाग्याले धागा कोण जोडे?"

"आमची म्हातारी."

"तुम्ही काहून नाही?"

"तिचा हात हलका होता."

"मग माझा हात त पाहा एकडाव."

बाबा आत आले. डोळे मिटले ते नळी पडेपर्यंत उघडले नाहीत. पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशनही साहेबांनीच केलं. गावात मात्र बाबा "नागपूरच्या साहेबानं केलं" एवढंच सांगत राहिले. खाण तशी माती, दुसरं काय!

मागच्या वर्षी साहेब ऑपरेशन चालू असताना कोसळल्या. तपासण्या झाल्या. छातीत कॅन्सरची गाठ होती, दीड वर्षापासूनची, आणि ती त्यांना माहीत होती. आता हाडांत पसरलेली. दुसऱ्यांचा संकोच मोडण्यात जन्म गेला त्या बाईनं हे लपवावं? मी वॉर्डात जाऊन भांडलोच.

"दाखवलं काहून नाही, साहेब?"

"कोणाले दाखवू गा? इथले सगळे पोरं माझ्या हाताखाली शिकले. त्यायच्यासमोर..."

"मग दुसऱ्या गावी जायचं होतं."

"जाईन जाईन म्हणत राहिली."

मला त्यांचा इतका राग आला की तो अजून गेलेला नाही. दोन महिन्यांत साहेब गेल्या.

शोकसभेत मोठमोठे डॉक्टर बोलले. धाडसी, पहिल्या, प्रेरणास्थान. बाबा हट्टानं आले होते. माझा हात झटकून ते सरळ माईकपाशी गेले.

"माह्यी लघवी तुंबली होती. या बाईनं मले नागवं करून नळी घातली, म्हून आज उभा हाय."

सभेत नर्सेस होत्या, डॉक्टरांच्या बायका होत्या. बाबा डॉक्टरांच्या रांगेकडे वळले.

"मी त पळालो होतो. बाई माह्यामागं आली. बाईच्या मागं कोण गेलं?"

गाठ लपवली त्या दीड वर्षात रोज साहेबांच्या शेजारी उभा राहणारा तर मीच होतो.