केसरबाईंचं लाल रान

“साहेब, माझं रान लाल कुणी केलं?”

क्रांती चौकाजवळच्या आमच्या ऑफिसच्या दारातच उभं राहून केसरबाईंनी विचारलं. दौलताबादच्या डोंगराखालच्या गावातून त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या. हातात मोबाइल, त्यावर ग्रामपंचायतीत लावलेल्या कच्च्या नकाशाचा फोटो. नकाशा माझाच होता.

मी माती सर्वेक्षणाच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. आता एका खासगी कंपनीत, जमिनीची धूप कुठं होईल त्याचे नकाशे करतो. लाल म्हणजे माती वाहून जाण्याचा धोका मोठा, हिरवं म्हणजे कमी. लाल रानात सरकारी खर्चानं बांधाचं काम आधी होतं.

“अहो बाई, लाल असलं तर फायदाच आहे. फुकटात बांध मिळेल.”

“गावातले बी तेच म्हणत्यात, गप बस म्हणून. पण बांध हाय ना माझा! आमच्या मालकानं उभी हयात दगडं रचली. ते गेले, अन् तुमी म्हणता रान वाहून चाललं. मंग त्यांनी केलं काय?”

बरं, बाई काही चुकीचं बोलत नव्हत्या.

पूर्वी नकाशा करायचा म्हणजे गावात मुक्काम असायचा. खांद्यावर ऑगर, म्हणजे जमिनीत फिरवून घुसवायचं गिरमिट. दर थोड्या अंतरावर माती काढायची, बोटांनी चोळायची, वहीत लिहायचं. दुपारी कुणाच्या तरी बांधावर भाकरी आणि ठेचा. पाय मोडून यायचे, पण गावातला प्रत्येक उतार तळपायाला पाठ असायचा. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. आणि हा नकाशा मी एसीत बसून, खुर्ची न सोडता केला होता. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑगर शोधून काढला आणि गावाला गेलो.

केसरबाईंचं रान उतारावर, पण आडवे दगडी बांध एकाखाली एक, गुडघ्याएवढे उंच. ऑगर हातभर खाली गेला तरी काळी मातीच निघत होती. नाल्यापलीकडचं माळरान माझ्या नकाशात हिरवं होतं. तिथं वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि मधे पुरुषभर खोल घळी पडल्या होत्या. वीतभर खाली मुरूम लागला.

चूक समजायला साधी आहे. सॅटेलाइटच्या डेटात तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. दोन फुटी बांध त्यात दिसत नाही. आणि हिरवळ दिसते, पण ती ज्वारीची की बाभळीची, ते जाऊनच बघावं लागतं.

ऑफिसात आमच्या बॉस मॅडम वैतागल्या. “सर, सोमवारी फायनल रिपोर्ट द्यायचाय. एका बाईसाठी सगळा नकाशा बदलणार?”

“एका बाईसाठी नाही. गावात असे अजून किती बांध आहेत, ते मला माहीत नाही.”

“किती दिवस?”

“आठ.”

“पाच,” त्या म्हणाल्या.

पाच दिवस सगळं शिवार पायाखाली घातलं. गुडघे बोंबलत होते, पण खरं सांगतो, कित्येक वर्षांत इतका खूश नव्हतो. नवा नकाशा घेऊन मीच पंचायतीत गेलो. माळरान लाल झालं, घळी बुजवायचं काम त्याच्या वाट्याला गेलं. केसरबाईंचं रान हिरवं झालं आणि योजनेतून त्यांचं नाव कटलं. त्यांना एक दगडसुद्धा मिळाला नाही.

त्या नकाशाजवळ आल्या. मग हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “आता ब्येस झालं. इथं त्यांचं नाव टाका की.”

“बाई, नकाशात नावं टाकत नाहीत.”

“नाय व्हय?” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “मंग तुमच्या ध्यानात ऱ्हाऊ द्या. विठ्ठल म्हणत्यात त्यांना.”

नकाशात माणसाच्या नावाला जागा नसते, हे खरंच आहे. म्हणून नकाशा करणाऱ्यानं एकदा जाऊन ती नावं विचारून यावीत.