माटोळीचं वजन

मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होते आणि खालून पुंडलीकबाब मला वारा कुठून आला ते दाखवत होते. समुद्राकडून. त्यांच्या बायकोचा, शालनवहिनींचा हात मात्र डोंगराकडे होता.

"वारो असो मारलो बाई, नळे उडान गेले!" पुंडलीकबाब म्हणाले.

कौलांना आमच्याकडे नळे म्हणतात. उडून गेलेला एकही नळा अंगणात पडलेला नव्हता.

मी विमा कंपन्यांसाठी सर्व्हे करते. राहायला डिचोलीत आणि पावसाळाभर पेडण्यापर्यंत लोकांच्या छपरांवर. नुकसान वादळानं केलं असेल तर कंपनी क्लेम देते, घरच्यांनीच केलं असेल तर देत नाही. कोणी केलं ते मी लिहायचं. त्यामुळे मला चहा फार आग्रहानं मिळतो.

पुंडलीकबाबांची तळमळ मात्र खरी होती. चवथ तोंडावर आली होती आणि गळती नेमकी गणपती बसतो त्या जागेवर होती. जागा पिढ्यान्‌पिढ्यांची, ती हलवायची नाही. "देवाच्या माथ्यार छत्री धरूची काय?" म्हणताना त्यांचा आवाज ओला झाला. मलाही वाईट वाटलं.

पण वाईट वाटून रिपोर्ट लिहिता येत नाही. वारा छपराला कडेनं धरतो. आधी वळचणीचे आणि कोपऱ्याचे नळे उचलतो, मग आढ्याचे. इथे कडा जागच्या जागी होत्या आणि मधलाच भाग खाली बसला होता. वारा असा मधोमध येऊन बसत नाही.

मी आत गेले आणि टॉर्च मारला. नळे ज्या बारीक पट्ट्यांवर टेकतात त्यांना रिपा म्हणतात. त्या मोडल्या होत्या, आणि खालच्या बाजूला वाकून. दोन रिपांना अजून दोर लोंबत होते.

"पुंडलीकबाब, हे दोर कसले?"

शालनवहिनी लगेच वळल्या. "मी चाय हाडतंय."

पुंडलीकबाब त्या क्षणी गप्प बसले असते तर मला आणखी थोडं डोकं खाजवावं लागलं असतं. पण त्यांची छाती फुलली.

"माटोळयेचे! गेल्या वर्सा गावात पयली आयली आमची!"

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, निरफणस आणि रानातून शोधून आणलेली फळं टांगायची. आता तिच्या स्पर्धा होतात.

"पण ही भालीला बांधायची ना?" भाल म्हणजे घराचं आडवं जाड लाकूड. ते हत्तीही पेलेल.

"भाल पुरना जाली. चौकट वाडयली न्हय!"

"का वाढवली?"

"वयल्या वाड्यावयल्या सदान आपली वाडयली म्हूण."

"रिपा मोडल्या तेव्हा आवाज नाही आला?"

"आयल्लो," स्वयंपाकघरातून शालनवहिनी म्हणाल्या. "पण आरती चालू आसली. हे म्हणाले, झांज वाजता."

आपण काय कबूल केलं ते पुंडलीकबाबांच्या आता लक्षात आलं. ते पाटावर बसले.

"बाई, तुमी वारोच बरयात. गणपतीसाठी तरी."

"गणपतीच्या जागेवर उभी राहून खोटं लिहू?"

शालनवहिनींनी चहा आणला आणि हळूच विचारलं, "मगे माटोळयेन घर मोडलां म्हूण देवाचां नाव घालतलात?"

"देवाचं नाव नाही घालणार."

मी लिहिलं: "रिपांना टांगलेल्या अतिशय जड भारामुळे रिपा मोडल्या. वाऱ्याचा संबंध नाही." रिपोर्टची एक प्रत त्यांना दिली आणि क्लेम नामंजूर होणार हे तोंडावर सांगितलं. निघताना एक फुकटचा सल्लाही दिला. सगळं छप्पर उतरवू नका. एवढ्याच रिपा बदला, सुताराला पावसाची एक उघडीप पुरेल. आणि माटोळी लोखंडी पाइपच्या स्टँडवर उभी करा, छपराला नको.

चवथीनंतर त्यांचा फोन आला. शिव्या ऐकायच्या तयारीनं मी उचलला.

"बाई, पयली आयली!"

"आणि छप्पर?"

"थेंब ना! रिपा बदलल्यो. पण तुमचो रिपोर्ट मी फ्रेम करून माटोळयेकडेन लायलो. परीक्षकांक म्हटलां, वाचा, इंजिनियरान सही करून बरयलां, अतिशय जड! सदाचां तोंड बघूक जाय आसलां."

ते मला लवकरच बघायला मिळालं. पुढच्याच आठवड्यात वरच्या वाड्यावरचा सदा स्वतः माझ्या ऑफिसात येऊन बसला. त्याच्या छपराची पाहणी करायची होती.

"वादळ झालं का?"

"ना."

"गळतं?"

"थेंब ना."

"मग काय लिहू?"

"पुंडलीकाक बरयलां तां. फकत 'अतिशय'च्या जाग्यार 'भयंकर' घाला."

तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये विशेषणं घालत नाही.