ओल्या थर्मामीटरची बाटली

“हवेतला पाणी मोजूक इंग्लिश शाळा कित्याक होयी रे? घाम इलो की कळता!”

खिडकीबाहेर आमचे निरीक्षक माझ्यावरून शिपायाला सांगत होते. दोघेही हसले. मी आत मे महिन्याचा तक्ता उतरवत राहिले. साठ सालानंतरची ती वर्षं. मालवणच्या किनाऱ्यावरल्या छोट्या वेधशाळेत मी मदतनीस म्हणून लागले होते, अजून कायम व्हायची होते. बोलत तर कुणाशीच नसे.

अंगणातल्या जाळीच्या पेटीत दोन थर्मामीटर असत. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंधी, तिचं शेपूट पाण्याच्या बाटलीत. चिंधीतलं पाणी उडालं की पारा उतरतो. दोन पाऱ्यांतल्या फरकावरून हवेतली वाफ काढायची.

ती कशाला मोजायची, हे हेडऑफिसच्या साहेबांनी एकदा मला इंग्रजीत सांगितलं होतं. त्यांनी कागदावर समुद्राचे चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात वाऱ्याने किती वाफ आणली, किती नेली, हा हिशेब पुढे गणकयंत्र मांडणार. आंबोलीवर वाफेचा पाऊस होतो तेव्हा तिच्यातली उष्णता सुटते, हवा वर चढते आणि समुद्रावरून आणखी ओला वारा ओढून घेते. अर्ध्या जगाचं हवामान असंच चालतं, म्हणाले. त्यातला एक चौकोन आमचा.

आणि त्या सकाळी चिंधी मला कडक लागली. बोट जिभेला लावलं. खारट! साठवलेलं पावसाचं पाणी संपल्यावर बाटली मागच्या विहिरीवर भरली जात होती. उन्हाळ्यात ती विहीर खारी होते. रोज पिणाऱ्यांना ते जाणवतही नसे. पण चिंधीत मीठ साचत जातं, खारं पाणी सावकाश उडतं, पारा कमी उतरतो, हवा आहे त्याहून ओली दिसते. मी दवाखान्यातून शुद्ध पाणी आणलं, चिंधी बदलली. पारा अंशभर खाली गेला.

निरीक्षकांना सांगितलं. त्यांनी तक्ता पुढे सरकवला. “‘तपासले’ म्हणून सही कर गो. एका अंशान काय समुद्र आटतलो?” मग पेन माझ्या हातात देत, “तुझो कायम होवचो कागद माझ्याच टेबलार आसा.”

मी पेनाला टोपण लावलं. घरातली बोली ऑफिसात पहिल्यांदाच तोंडातून आली, आणि खिडकीबाहेरच्या शिपायाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“समुद्र आटाचो नाय. पण ह्या तक्त्यात आपल्या बावीचा मीठ आसा. ‘पाणी खारट होता’ असा बाजूक लिवा, नायतर मी लिवतंय. तसा लिवल्याबगर मी सही करूचंय नाय.”